लिंकवाली अक्का

अक्कानं आयुष्यात कोणाला एका वेळी दोन लिंका दिल्या नाहीत. आमच्या नांदेडच्या कॉलनीत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सुविचार, लग्नपत्रिका आणि मधुमेहावरचे रामबाण उपाय धो धो वाहत असताना ही बाई इंग्रजी शिकू पाहणाऱ्या माणसाला एकच लिंक द्यायची, आणि तीही त्याला समोर बसवून चांगलं बोलतं केल्यावर. वैद्यानं नाडी बघावी तसं ते चालायचं. शेजारच्या बँकवाल्यांनी एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, "अक्का, इंग्रजीच्या चांगल्या चांगल्या साइट्सची एक यादीच पाठवून द्या ना." अक्का चहा गाळता गाळता म्हणाली, "यादी मागणारा शिकत न्हाई भाऊ. तो यादी सांभाळतो." बँकवाले त्यानंतर आमचा जिना चढले नाहीत.

ती मूळची बिलोलीची. तेलंगण तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची रीत. नांदेडला आली आणि अख्ख्या कॉलनीची अक्का झाली. माझ्या वरच्या मजल्यावर एकटी भाड्यानं राहायची. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती उलट विचारायची, "तुम्ही कामून केलं?" आणि समोरचा खरंच विचारात पडायचा. एका विनाअनुदानित शाळेत ती इंग्रजी शिकवत होती; घरभाडं संध्याकाळच्या शिकवण्यांवर निघायचं. विनाअनुदानित म्हणजे काय हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगते. सरकारचं अनुदान आज ना उद्या येईल, मग रीतसर पगार सुरू होईल, या आशेवर माणसं ऐन उमेदीत तिथं रुजू होतात आणि तिथंच म्हातारी होतात. बिलोलीत धाकट्या मुलाकडे राहणाऱ्या अक्काच्या आईनं, म्हणजे आम्ही सगळे जिला मावशी म्हणायचो तिनं, साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "औंदा आमच्या पोरीला अनुदान येणार हाय." औंदा औंदा म्हणता अक्काच्या कानाजवळचे केस पांढरे झाले.

"आधी मी, मग तुम्ही," हा तिचा दुसरा नेम. स्वतः महिनाभर वापरल्याशिवाय ती कुठली साइट दुसऱ्याला सांगायची नाही. शिकली ती मराठी शाळेत. इंग्रजी जन्मभर वाचलं, पण इंग्रज माणूस बोलताना ऐकला तो थेट मोबाइलवर. एका फुकटच्या शब्दकोशात शब्दापाशी दोन बटणं होती. एक दाबलं की लंडनचा माणूस बोले, दुसरं दाबलं की अमेरिकेतली बाई. अक्का दोन्ही दाबून बघायची आणि हरखून जायची. "बघ, शब्द एक, दोघं दोन तऱ्हेनं बोलून राहिलेत, अन् दोघांचं बी बरोबर. मग मी बिलोलीच्या तऱ्हेनं बोलले तर कोणाचं काय गेलं?" बाहेरदेशच्या शिक्षकांनी करून ठेवलेले पाठ, चित्रं, खेळ ती उतरवून घ्यायची आणि त्यातल्या बर्फाच्या जागी ऊन, सफरचंदाच्या जागी सीताफळ घालून वर्गात न्यायची. बिनपगारी बाई आपल्यासाठी जगभरचं सामान गोळा करते, हे त्या पोरांना कुठं ठाऊक असणार.

उन्हाळ्यात मावशी यायची आणि गच्चीवर उडदाच्या पापडांचं काम निघायचं. चार बायका लाटायला बसल्या की कॉलनीतल्या समस्त सुनांची झडती ठरलेली. एका वर्षी अक्कानं मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज घुमतो, आणि शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम हळूहळू वाचलेल्या इंग्रजी गोष्टी लावल्या. नियम असा की गोष्ट संपेपर्यंत कोणी मराठीत बोलायचं नाही. बायका वैतागल्या. "तोंडं शिवलीस की गं आमची," म्हणाल्या. मग गोष्टीत सासूची अंगठी हरवली, सुनेवर आळ आला, आणि सगळ्यांचे कान टवकारले. समोरच्या काकूंनी सातवीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. एके दिवशी त्या लाटणं उगारून ओरडल्या, "शी इज लाइंग! सासूच लाइंग!" आम्ही हसून हसून लोळलो. अक्का मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि पिठाच्या हातानं ते पुसल्यामुळे गालावर पांढरं लागलं होतं. ती तशीच मला अजून दिसते.

मला लिंक द्यायला तिनं फार दिवस लावले. मी कचेरीत कारकून. इंग्रजी टिपण्या झरझर लिहायची, पण मुंबईहून साहेबांचा फोन आला की तो शेजारच्या टेबलाकडे सरकवायची. अक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला इंग्रजी येतंय. तुला आवाज न्हाई." मग एक साइट दिली. तिथं समोर येईल तो उतारा मोठ्यानं वाचायचा आणि आपलाच आवाज परत ऐकायचा. पहिल्यांदा स्वतःला ऐकलं आणि मी शरमेनं मोबाइल कणकेच्या डब्यामागं लपवला.

"कसा वाटला?" अक्कानं विचारलं.

"कोंडून ठेवलेल्या बाईचा."

"मग कडी काढ की. रोज थोडी थोडी."

कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मी वाचू लागले. नवऱ्याला वाटलं, मी फोनवर कोणाशी तरी भांडून राहिले. आज मुंबईचा फोन मीच घेते, आणि साहेबांना मध्येच थांबवून दुसऱ्यांदा सांगायलाही लावते.

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं तिच्या डोक्यात आलं ते एका गप्पांच्या ॲपमुळे. तिथं देशोदेशीचे शिकणारे भेटत, आणि त्यातले काही फक्त अक्काशी बोलायला थांबून राहत. आपली कोणी वाट बघतंय, ही चव तिला नवी होती. त्याच सुमारास तिच्या शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर झाले, अनुदानाचं तोंड न बघता. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली. अक्का घरी आली, माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला अशी शाल नको गं." दुसऱ्या दिवसापासून तिनं परदेशी शिकवण्यासाठी लागणारा ऑनलाइन कोर्स सुरू केला.

जगभर शिकवत फिरणारे मास्तर जिथं आपले अनुभव लिहितात अशी एक चावडी तिनं इंटरनेटवर शोधून काढली होती. कुठली शाळा पासपोर्ट अडकवून ठेवते, कुठली करारात एक लिहिते आणि करवून दुसरंच घेते, सगळं तिथं उघड. लेक द्यायची असली की आपण पाहुण्यांच्या घरची चौकशी करतो, तशी तिनं एकेका शाळेची केली. "फोटोतली इमारत बघू नको," म्हणायची, "सोडून गेलेले मास्तर काय म्हणून राहिलेत ते बघ."

अडचण आली ती तिच्या एका खोडीमुळे. कोणाशीही बोलायला सुरुवात करताना ती आधी विचारायची, जेवलात का. इंग्रजीतही तेच: "हॅव यू ईटन?" ॲपवरचा एक जर्मन गोंधळून म्हणाला, तुम्ही मला जेवायला बोलावताय का? "हाव, ये की," अक्का मराठीतच बोलून गेली. कोर्सच्या परीक्षकांना हे पटलं नाही. अनोळखी माणसाला असं खासगी विचारू नये, हवामानापासून सुरुवात करावी, असा शेरा आला. अक्का बेजार झाली. "हवेचं काय विचारायचं? नांदेडात ऊन हाय हे साऱ्या दुनियेला ठाऊक हाय." तरी तिनं ते घोटून घोटून पाठ केलं. पहिल्या मुलाखतींत ती हवामानाबद्दल इतकी शिस्तीत बोलली की ती कोणालाच आवडली नाही. काहींना तर नाव वाचूनच नको होती. त्यांना गोरे मास्तर पाहिजे होते.

मग व्हिएतनाममधल्या एका लहान गावच्या शाळेनं बोलावलं. माझ्या घरी इन्व्हर्टर असल्यामुळे मुलाखत माझ्या बैठकीत झाली. दूधवाल्यानं बेल वाजवू नये म्हणून मी दाराशी पहारा देत होते. नमुन्याचा तास घ्यायला पडद्यावर खरीखुरी पोरं बसवली होती, दुसरी-तिसरीतली. ती बघून अक्का जी घाबरली, ती हवामान साफ विसरली, आणि तोंडून निघून गेलं, "हॅव यू ईटन, चिल्ड्रन?"

मी कपाळाला हात लावला. पलीकडे पोरं खळखळून हसली आणि आपण काय काय खाल्लं ते सांगू लागली. भात, मासा, अंडं; शब्द सापडेना तिथं हातांनी, एकानं तर शेवया कशा ओढायच्या ते तोंडानं आवाज काढून दाखवलं. तासाचा सगळा बेत बाजूला राहिला आणि जेवणावरच तास रंगला. शेवटी तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्याकडेही माणूस भेटला की आधी हेच विचारतात. बाहेरून आलेल्या मास्तरांपैकी आजवर कोणी विचारलं नव्हतं. फोन बंद झाल्यावर अक्का खुर्चीतून उठली नाही. "मला घेतलं गं," असं ती स्वतःलाच सांगत राहिली.

ती गेली. शाळेत राजीनामा न देता रजेचा अर्ज टाकला होता. हैदराबादच्या गाडीत बसताना "वर्षभरात येते" म्हणाली. वरच्या मजल्यावर आता दुसरं बिऱ्हाड आलंय. चांगली माणसं आहेत, मला उगाच त्यांचा राग येतो. त्यांची पावलं जिन्यावर वाजली की मी चहाचं आधण वाढवायला उठते आणि परत बसते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. ती मोटरसायकलवर बसायला शिकली, काड्यांनी भात खायला शिकली. पोरं तिला 'को' म्हणतात, म्हणजे बाई. हे सगळं मी हसून ऐकते आणि फोन ठेवला की माझं घर मला मोठं वाटायला लागतं. वर्ष झालं, तिनं करार वाढवला. माझी सारी भिस्त अनुदानावर होती. ते आलं की तिला यावंच लागेल, असं मी मनाशी पक्कं धरून होते. सरकारवर इतका भरवसा मी कचेरीत बसूनही कधी टाकला नव्हता.

आणि यंदा अनुदान आलं. खरंच आलं. तिच्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मलाच फोन केला: यादीत नाव आहे, तिला म्हणावं ताबडतोब हजर हो, न्हाईतर जागा जाईल. मी कचेरीच्या व्हरांड्यातूनच अक्काला फोन लावला. तिची मधली सुट्टी असावी, मागं पोरांचा गलका चालला होता. मी एका दमात सांगून टाकलं.

"खरंच आलं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "चित्रकलेच्या सरांना?"

"ते रिटायर झाले ना अक्का."

"हाव. झाले." मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "मी न्हाई येत गं. तिथं मी वाट बघत होते. इथं माझी वाट बघून राहिलेत. आता परत तिथं बसायचं माझ्यानं व्हायचं न्हाई."

ये, असं म्हणायचं माझ्या ओठावर होतं. माझ्यासाठी ये, असंसुद्धा. मागं कोणी तरी पोरगं 'को, को' करून हाक मारत होतं आणि ती त्याला थांब म्हणत नव्हती. मी म्हटलं, "बरं."

"आईला तू सांग," ती म्हणाली. "फोनवर नको. जाऊन सांग. मला सांगवणार न्हाई."

पुढच्या रविवारी मी बिलोलीची गाडी धरली. मावशी दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघताच तिचा चेहरा उजळला. "आलं म्हणं अनुदान! शाळेतल्या शिपायानं माझ्या भाच्याला सांगितलं, भाच्यानं मला. साऱ्या गल्लीला साखर वाटली मी. कवा येऊन राहिली अक्का?"

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. हातातली शेंग तिनं फोडली नाही, तशीच धरून ठेवली.

"तिथं तिला बाई म्हणत्यात का?"

"म्हणतात. वर्गात पाय ठेवला की सगळी पोरं उठून उभी राहतात."

"अन् पगार येळच्या येळी?"

"हाव मावशी."

"मग कशाला येईल माय ती," मावशी म्हणाली. "शहाणी हाय माझी लेक." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. दाणे सुपात आणि टरफलं खाली टाकायची, तर काही वेळ ती दोन्ही सुपातच टाकत होती. मी टरफलं वेचून बाजूला केली.

जेवल्याशिवाय तिनं निघू दिलं नाही. स्टँडवर मला सोडायला आली. मी विचारलं, "गल्लीत आता काय सांगशील?"

"काय सांगायचं? सरकारनं दिलं, पण पोरीनंच न्हाई घेतलं, म्हणून सांगीन." हे म्हणताना तिची मान ताठ होती. गाडी आली. मी आत बसल्यावर तिनं खिडकीचा गज धरला. "तिला म्हणावं माझी फिकीर करू नको. बरी हाय म्हणावं. लई बरी हाय म्हणावं." कंडक्टरनं घंटी मारली तरी तिनं गज सोडला नाही. गाडी हलली तशी ती बाजूनं चार पावलं चालली, आणि तेव्हा कुठं तिच्या मनातलं बाहेर आलं.

"तू तरी येत जाय गं," मावशी म्हणाली.