समृद्धीचं मधलं नाव

हातकणंगले स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते. मी बॅग आत ढकलली आणि दारात वळून उभा राहिलो. समृद्धी दादाच्या कडेवर बसून त्याच्या शर्टाची कॉलर चघळत होती. दोन वर्षांची होती. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. दादा एवढंच म्हणाला, "मागं बघू नगंस. हिचं आमी बघतो की." गाडी हलली तरी मी बघत राहिलो. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. रडारड झाली नाही म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मस्कतच्या एका कोल्ड स्टोरेजवर मी टेक्निशियन आहे. त्याआधी वारणा भागातल्या एका डेअरीत चिलिंग प्लँट बघायचो. कंपनी दरवर्षी एक फॉर्म भरून घेते, त्यात मुलं किती असा रकाना असतो. मी तिथं रेघ ओढतो. माझ्यासारखे घर सोडून आलेले खूप आहेत, पण ही रेघ ओढणारा आमच्या कॅम्पवर मी एकटाच असेन.

माझी बायको वैशाली कावीळ होऊन गेली तेव्हा समृद्धी सव्वा वर्षाची होती. दादा-वहिनींना मूल नव्हतं. पोरगी आपोआपच वहिनीच्या मांडीवर गेली. मग मस्कतचं काम चालून आलं आणि वहिनीच्या मनात भीती शिरली. "भावजी, उद्या तुमी दुसरं लगीन करशीला आन पोरीला घिऊन जाशीला. मग मी काय करू?" तिला दत्तकाचा कागद हवा होता. दादानं मान खाली घालून मला विचारलं. मी लगेच हो म्हणालो. वहिनीसाठी म्हणालो असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो, पण ते खरं नाही. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आमच्याकडे भावाचं मूल भावाकडे वाढणं नवीन नाही. कागदानं त्यात काय फरक पडणार, असं मी धरून चाललो. कोल्हापूरच्या कोर्टात न्यायाधीश मॅडमनी आम्हाला चेंबरमध्ये बसवून घेतलं. म्हणाल्या, "हे मागं घेता येत नाही. मुलीवरचे तुमचे सगळे हक्क संपतील. समजतंय ना?"

मी म्हणालो, "आपल्याच घरात हाय की, मॅडम."

"घरात असेल. पण तुम्ही तिचे वडील राहणार नाही."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मुंबईत माझी व्हिसाची मेडिकल होती आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सही झाली. शेजारी दादाला हुंदका आवरेना. शिपायानं त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला. मला त्याचा राग आला होता, आता बस चुकणार म्हणून.

पुढं नवा जन्मदाखला आला. समृद्धी संजयची समृद्धी बाळासो झाली. आडनाव तेच, घर तेच, दारातला पेरू तोच. मधला माणूस तेवढा बदलला. सरकारनं माझं नाव किती अलगद उचलून बाजूला ठेवलं!

मत्सर हा शब्द लिहायला मी कचरत होतो, पण खरा तोच आहे. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर तिनं दादाला "पप्पा" अशी हाक मारली आणि माझ्याकडे बघून "काका, जेवलासा?" विचारलं, तेव्हापासून तो सुरू झाला. तिला ताप आला म्हणून दादानं दोन दिवस आपली पिठाची गिरणी बंद ठेवली. मला तिच्या तापापेक्षा ती बंद गिरणी जास्त लागली. एकदा ती त्याच्यावर रुसून पाय आपटत आत गेली. मला दिवसभर गोड वाटत राहिलं. असा माणूस आहे मी.

मस्कतला चार वर्षं झाल्यावर कंपनीनं सांगितलं, आता कुटुंब आणायची परवानगी मिळेल. रजेवर आलो तेव्हा मी दादाला न सांगता कोल्हापुरात वकील गाठला. त्यांनी हुकूम वाचला, चष्मा काढला.

"पावणं, कायद्यानं तुम्ही तिचं काका."

"रक्त माझं हाय की, साहेब!"

"असू दे की. तिला कुठं पाठवायचं ते तुमचा भाऊ ठरवणार. जावा, त्यालाच इचारा."

मी विचारलं नाही. घरी गेलो तर दादानं माझ्यासाठी मटण आणलं होतं. खाली मान घालून जेवलो.

या मे महिन्यात मी ठरवूनच आलो होतो. ती अकरा वर्षांची झाली. कोर्टानं काहीही लिहिलेलं असो, खरं काय ते तिला आपल्या तोंडानं सांगायचं. ते सांगायचा हक्क तरी माझा. रोज उद्या सांगू म्हणत रजा संपली. शेवटच्या सकाळी दादा अंगणात माझी बॅग स्कूटरला बांधत होता. समृद्धीनं दुधाचा पेला माझ्यापुढं सरकवला.

"काका, साय काढा की."

डेअरीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या मुलीला साय चालत नाही हे मला माहीत नव्हतं. मी चमचा घेतला.

"चमच्यानं न्हाय, तुटती ती. पप्पा बोटानं काढत्यात."

मी बोट घातलं. भाजलं. साय तरी तुटलीच. ती हसली. मी म्हणालो, "समू, तुला एक सांगायचं हुतं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "चौथीत असतानाच पप्पांनी सांगितलंय. तुमी माझं पयलं पप्पा."

मी बोटाची साय पेल्याच्या काठाला पुसली.

"आन कोर्टात सही करताना तुमी लई रडलासा म्हणं. शिपायानं पाणी आणून दिलं तुमास्नी. खरं?"

मी बाहेर बघितलं. दादा पाठमोरा होता, दोरीची गाठ मारत होता.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं दूध संपवलं, ओठ पुसले आणि माझ्या भाजलेल्या बोटावर फुंकर घातली.

दादानं माझी मुलगी घेतली असं मी नऊ वर्षं मनात धरून होतो. त्यानं आपलं रडणं मला देऊन टाकलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. स्टेशनवर त्याचे पाय धरावेत असं वाटलं. धरले नाहीत. एवढा चांगुलपणाही यालाच का जमावा, हेच डोक्यात चाललं होतं.

घर कुठलं असं इथं कोणी विचारलं की मी अजून हातकणंगलेच सांगतो. त्या घरात आता दुसराच एक संजय राहतो. तो सही करताना रडला होता, त्यानं घड्याळ बघितलं नव्हतं. समृद्धीची त्याच्यावर माया आहे. मला त्याचाही हेवा वाटतो.