काल काय खाल्लं, त्याची बेरीज

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते गाजरगवतासारखे आपोआप माजतात. आमच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट कुणी वाचला की नाही, देव जाणे. पण आम्ही जुने लोक कुठल्या लग्नात भेटलो की पहिल्या पंगतीपासून आमचे किस्से सुरू होतात आणि बायका लांब जाऊन बसतात.

काम असं होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. वांग्यावर फवारलेलं औषध थोडं वांग्यात राहतं, थोडं द्राक्षात, थोडं गव्हात. एकेक तपासलं तर सगळं मर्यादेत. पण हे सगळं जातं एकाच पोटात, मग त्याची बेरीज किती होते? सातारा-सांगलीच्या घराघरांत जाऊन लोक काय खातात ते विचारायचं, भाज्यांचे नमुने तपासायचे आणि कॉम्प्युटरवर बेरजेचं मॉडेल बसवायचं. पाटणकर सर प्रमुख, कॉम्प्युटर माझ्याकडे, जीप चालवायला फौजेतून रिटायर झालेले तात्या, आणि गावोगाव फिरायला मिरजेची कमल.

कमल एमएस्सी झालेली. तिची ऑर्डर सहा-सहा महिन्यांची. घरी तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "कायमची ऑर्डर दाखव, नाहीतर आलेलं स्थळ बघ." त्यामुळे प्रोजेक्टची सगळ्यात जास्त काळजी सरांना नव्हती, कमलला होती.

* * *

पहिला प्रश्न ठरलेला, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

म्हसवडकडच्या एका आळीत कमलनं हा प्रश्न विचारला आणि कुणीतरी बोलून गेलं की बाई रेशन कार्ड तपासायला आल्यात. झालं! आठ घरांनी एकच उत्तर दिलं, "काल व्हय? काल काय न्हाई खाल्लं. च्या पिला."

मी ते इमानदारीत कॉम्प्युटरला भरवलं. आठ घरं निव्वळ चहावर जगतात, असं मॉडेल सांगायला लागलं. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "या लोकांना औषधाचा धोका नाही. यांना चहाचा आहे."

* * *

याच्या उलट प्रकार वाळव्याकडे घडला. घरधनी पाहुण्यांबरोबर ओसरीवर बसले होते. कमलनं प्रश्न विचारताच गृहस्थ सुरू झाले. सकाळी दूध-बदाम, दुपारी तुपातली पोळी, चार वाजता सफरचंद, रात्री परत दूध. कमल बिचारी लिहीत गेली. तात्या जीपपाशी उभं राहून मिशीत हसत होते.

पाहुणे उठून गेले. कमलही निघाली, तर घरातली बाई लगबगीनं जीपपाशी आली.

"बाई, ते बदाम आन् सफरचंद खोडा. पोरीला बघायला आलं हुतं. गेलं ते."

"मग खरं काय खाल्लं होतं?"

"आमटी-भाकरी. आन् तुपाचं तेल करा."

* * *

कुणी किती खाल्लं याला कुणाची साक्ष काढायची, हाही एक घोळच होता. एका घरात सासूबाईंनी सांगितलं, "सून दोन भाकरी खाती." कमल पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारी गेली, तर सून हळूच म्हणाली, "तीन लिवा. पर हितं वाचून दाखवू नगा."

कोणता आकडा धरायचा म्हणून कमलनं सरांना विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "जिनं खाल्ली तिला विचारायचं. जिनं मोजली तिला नाही."

मला वाटतं, त्या सगळ्या कामात मी शिकलेलं हे एकमेव शास्त्र.

* * *

पोटात गेलेल्या औषधाच्या बेरजेला माणसाच्या वजनानं भागावं लागतं. म्हणजे जीपमध्ये वजनकाटा आलाच. खटावकडच्या एका गावात द्रौपदाआजी काट्यावर चढायलाच तयार नव्हत्या.

"माणसाला तोलत्यात ते नवस फेडायला. मला तोलताय, मग गूळ कुठं हाय तुमचा?"

कमलनं खूप समजावलं. आजी ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी तात्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून गुळाची ढेप आणली, फोडली आणि आजींच्या हातावर खडा ठेवला. "हं. आता तोला," म्हणून आजी चढल्या. मग काय, अख्खी आळी रांगेत उभी राहिली. एरवी दिवसाला दहा माणसं तोलताना घाम फुटायचा, त्या दिवशी काटा थकला.

कमलनं प्रत्येक फॉर्मवर प्रामाणिकपणे टीप लिहिली, "गूळ, एक खडा." सरांनी विचारलं, "वजनाआधी खाल्ला की नंतर?"

"नंतर, सर."

"मग उद्याच्या जेवणात धरा."

* * *

मॉडेल बरोबर चालतं का ते बघायला पहिला फॉर्म आम्ही सरांचाच भरला होता. डॉक्टरांनी सांगितल्यापासून सर काटेकोर झाले होते. सकाळी फळं, दुपारी डबाभर काकडी-टोमॅटो-कोबी, संध्याकाळी द्राक्षं. आम्ही वडापाव खायला निघालो की आमच्याकडे दयेनं बघायचे.

पुढे शेकडो माणसं कॉम्प्युटरमध्ये गेली. सांगलीच्या मंडईतल्या भाज्यांचे आकडे आले, तेही गेले. आणि एका दुपारी, कुणाच्या पोटात औषध सगळ्यात जास्त जातं, ती यादी मी उतरत्या क्रमानं लावली. पहिल्या नंबरवर सर!

सर म्हणाले, "परत तपासा." मी तीनदा तपासलं. लाईट गेली, आली, चौथ्यांदा तपासलं. सर पहिलेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तर सर चपला घालून दारात उभे होते. म्हणाले, "वड्यात बटाटा असतो. तो जमिनीखाली वाढतो. चला."

* * *

आता शेवटचा. हा मी नेहमी मागे ठेवतो, कारण तेव्हा आम्हाला अजिबात हसू येत नव्हतं.

मंडईतल्या भाज्यांत औषध सापडत होतं. पण कमल गावांतून जे नमुने आणायची, ते धुतल्या तांदळासारखे निघत होते. वांगी स्वच्छ, भेंडी स्वच्छ. नियम सरांचाच होता, आपण झाडाला हात लावायचा नाही, शेतकरी आपल्या हातानं देईल ते घ्यायचं. कमल तसंच करत होती. तरी तपासणीला दिल्लीहून एक तज्ज्ञ साहेब आले आणि त्यांनी फाईलवर पेन्सिलनं लिहिलं, "नमुने संशयास्पद." बोलून दाखवलं नाही, पण अर्थ सरळ होता. बाई गावात जातच नाहीत, कुठून तरी भाजी उचलून पिशव्या भरतात. आणि कमलची ऑर्डर त्या महिन्यातच संपत होती.

कमल रडली नाही. म्हणाली, "सर, त्यांना माझ्याबरोबर पाठवा. गाव ते म्हणतील ते."

ते म्हणाले आष्टा. आम्ही सगळेच जीपनं निघालो. गृहस्थ मूळचे नागपूरचे, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. रस्त्याकडेचं एक घर त्यांनीच निवडलं. समोर वांग्याचं हिरवंगार रान. दारात घरमालक आप्पा. कमलनं ओळख करून दिली.

"पाहुणं दिल्लीचं? बसा बसा," म्हणत आप्पा पिशवी घेऊन उठले आणि वांग्याच्या रानाकडे पाठ करून घराच्या मागे गेले. तिथं मोरीच्या पाण्यावर दहा-बारा झाडं होती. त्यांची वांगी भरून आणली आणि कमलच्या हातात दिली.

साहेब उठून उभे राहिले. "आप्पा, एवढं रान समोर आहे. मागची कशाला आणली?"

"आवं सायब, ती इकायची हाईत. तिला दर आठ दिसाला औषद मारतुया. ही घरची. दारात आलेल्या पाहुण्याला फवारलेलं द्याचं व्हय?"

कमलनं हातातल्या पिशवीत बघितलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस सगळ्या घरांतून तुम्हाला..."

"हीच, साहेब."

साहेबांनी जीपमधून फाईल मागवली, खोडरबर मागितलं आणि ती ओळ आमच्यासमोर खोडली. शेजारी लिहिलं, "बाईंना कायम करावे." कमल तेव्हा रडली. तात्यांनीही जीपची काच पुसायला घेतली, ती बराच वेळ पुसत होते.

आप्पांनी कुणाला उठू दिलं नाही. मागच्या वांग्यांचं भरीत आलं, गरम भाकरी आली, कांदा फुटला. साहेबांनी तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं. पोट भरलं, मन हलकं झालं, आणि समोरच्या रानाकडे बघत त्यांनी सहज विचारलं, "मग आप्पा, ही एवढी समोरची वांगी खातं तरी कोण?"

आप्पांनी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली.

"तुमी की."