वाऱ्याचा संत आणि काँक्रीटचा ठोकळा

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी आखातात, अल कुसैसमध्ये एका गोदामाच्या साइटवर हजेरी लिहिणारा टाइमकीपर होतो. आमचे इंजिनिअर स्कॉटलंडचे, साठीला टेकलेले, तिकडच्या एका लहानशा बेटावर वाढलेले. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते हेल्मेट काढून काहीतरी पुटपुटत. ते इंग्रजी नव्हतं एवढं सगळ्यांना कळत होतं. त्यामुळे साहेब आपल्याला शिव्या घालतात, अशी साइटची पक्की समजूत. आमचे फोरमनकाका मालवणकडचे. ते मला म्हणाले, तुला इंग्रजी येतं, विचार तरी. शिव्या असल्या तर कुणाला आहेत ते कळू दे.

चहाच्या वेळी मी भीत भीत विचारलं. साहेब हसले. ती त्यांच्या आईची गेलिक भाषेतली प्रार्थना होती. त्यांच्या बेटावर एक संत होऊन गेला, तो म्हणे एका शिळेवर बसून समुद्रातून आला. ती शिळा तिथल्या पडक्या चर्चमध्ये अजून आहे. वाऱ्याअभावी होड्या अडकल्या की बायका ती शिळा पाण्यानं धुवायच्या, प्रार्थना म्हणायच्या आणि वारा सुटायचा. नाहीच सुटला, तर संताला चांगलं खडसवायच्या.

मी हे सगळ्यांना सांगितलं. फोरमनकाकांना काहीच नवल वाटलं नाही. आपल्या देवाला आपण याहून जास्त बोलतो, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून साहेब पुटपुटायला लागले की तेही शेजारी हात जोडून उभे राहू लागले.

मार्चमध्ये स्लॅबच्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. वाळूनं डोळे उघडवेनात. काँक्रीटच्या गाड्या गेटवर रांगेत उभ्या. आमचं काम तपासणाऱ्या कन्सल्टंटचे इजिप्शियन इंजिनिअर सारखे घड्याळ बघत होते. फोरमनकाकांनी मला साहेबांना प्रार्थना म्हणायला सांगायला लावलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "ती वारा आणायची आहे. थांबवायची आईनं शिकवली नाही."

काका जरा विचारात पडले. मग त्यांचं लक्ष पाण्याच्या टाकीकडे गेलं. मजबुती तपासायला काँक्रीटचे ठोकळे भरतात, ते त्या टाकीत बुडवून ठेवलेले असतात.

"दगड पाण्यात बुडवून ठेवलेत," काका म्हणाले, "मगे वारो येतलो नाय तर काय?"

त्यांनी एक ठोकळा बाहेर काढला, खांद्यावरच्या टॉवेलानं खडखडीत पुसला आणि टॉवेलात गुंडाळून आपल्या खोलीत नेला. दहाच्या सुमारास वारा पडला. स्लॅब झाला.

दुसऱ्या दिवशी लॅबवाले आले, तर एक ठोकळा कमी. तो काकांच्या खोलीत देवांच्या फोटोंशेजारी सापडला, कुंकू लावलेला. इजिप्शियन साहेबांनी खुलासा मागितला. आता काहीतरी सबब सांगून वेळ मारून नेतील असं मला वाटलं, पण आमच्या साहेबांनी आईपासून टॉवेलापर्यंत सगळं खरं खरं सांगितलं. मी खाली मान घालून उभा होतो.

इजिप्शियन साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "हा संत परीक्षेचं बघतो का? माझ्या मुलीचं गणित कच्चं आहे."

आमच्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना फक्त वाऱ्याचा अनुभव आहे.

"खलास," म्हणजे विषय संपला, असं म्हणत इजिप्शियन साहेबांनी जादा भरलेला दुसरा ठोकळा लॅबवाल्यांना फोडून तपासायला सांगितला. तो पास झाला. मुलीचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.