थांबवणारं प्रथिन

माझ्या आतड्यातली गाठ वेळीच काढली. डॉक्टर म्हणाले, दोष घराण्यातला असू शकतो, भावाचंही आतडं दुर्बिणीनं तपासा. म्हणून मी आरमोरीला मोठ्या भावाच्या भातशेतात, बांधीवर गेलो. तो रोपांसाठी चिखलात धानाचे पऱ्हे टाकत होता आणि मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, त्याला समजावत होतो.

"आतड्याचं अस्तर सारखं नवं होत राह्यते, भाऊ. काही प्रथिनं पेशीले म्हणतात, वाढ. काही म्हणतात, आता पुरे. माहं पुरे म्हणणारंच बिघडलं."

"ते तर लहानपणापासूनच बिघडलं हाय! बोलाले लागला का थांबतो कुठी तू?"

"तू तपासाले हो म्हणतपर्यंत नाईच थांबत."

दुपार होईपर्यंत मी बोलतच होतो. शेवटी त्यानं हात धुतले.

"कधी जा लागते, सांग. तिथी भूल तरी देतात ना?"