खांबाकडे पळणारा मासा

दादाला शेवटचं शुद्धीत पाहिलं, तेव्हा त्याने सलाइनची नळी अंगठा आणि तर्जनीत धरली होती. सिस्टर दोनदा ओरडून गेली, “अंकल, छोड़िए ना उसे!” तो सोडेना. मला कळलं, हा गळ टाकून बसलाय.

माझा हा थोरला भाऊ बरीच वर्षं मुंबईपासून दूर समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला होता. ड्यूटी संपली की कठड्याशी उभा राहून नुसत्या दोराने मासे धरायचा. त्या लोखंडी खांबांभोवती मासे जमतात... सुरमई, तांबोशी. मिळेल ते कँटीनमध्ये जायचं. पुढे गुडघे गेले, मेडिकलमध्ये नापास झाला आणि दिल्लीच्या ऑफिसात टेबलावर आला. आर. के. पुरममध्ये आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटाच राहायचा. परत समुद्रावर पाठवा म्हणून दर वर्षी मागे लागायचा, दर वर्षी डॉक्टर नाही म्हणायचे. रविवारी आमच्याकडे मासळी घेऊन यायचा. मासेवाला म्हणायचा, “बिल्कुल ताज़ा है, सर.” हा घरी येऊन सांगायचा, “विमानानं आलाय. माझ्यापेक्षा जास्त फिरतो यार!”

एकदा जेवताना त्याने समजावलं होतं. इतर ठिकाणी मासा लागला की दोर सैल सोडून त्याला दमवतात. तिथे तसं चालत नाही. मासा सरळ खांबाकडे पळतो, खांबावरच्या धारदार शिंपल्यांवर दोर घासला की तुटला. म्हणून पहिल्या झटक्यालाच ओढायचा.

“आणि गेलाच खांबात तर?” मी पोळी वाढत विचारलं.

“मग दोर कापायचा, सुमे. ओढत बसलं तर आपला हात कापतो. मासा तसाही येत नाही.”

हॉस्पिटलात ती नळी धरून बसला, त्यानंतर दोन दिवसांत त्याची शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, वेंटिलेटर लगा सकते हैं, पर उम्मीद नहीं है. सोच लीजिए.” माझा नवरा म्हणाला, लावून तर बघू. मी दादाच्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडी होती, नळी चादरीवर नुसती पडली होती... मी नको म्हटलं.

त्याचं क्वार्टर रिकामं केलं. सामान फार नव्हतंच. बाल्कनीत त्याचा तो नायलॉनचा दोर, टॉवेल वाळत घालायला बांधलेला. गाठी सुटेनात, शेवटी कात्रीने कापला. चांगला दोर टाकायचा कशाला, म्हणून माझ्या बाल्कनीत बांधला. संध्याकाळी ऑफिसातून दमून येते, वाळलेले कपडे काढायचे असतात. आधी दोर दोन बोटांत धरते, जरा वेळ तशीच उभी राहते. मग एकेक चिमटा काढते.