तुझ्यावर खरं दिसेल

“आडनाव काय तुझं?”

मी सांगितलं.

“वाटलंच,” मालकीणबाई म्हणाल्या आणि वेताची टोपली माझ्या हातात दिली. “तू ही घे. तुझ्यावर खरं दिसेल.”

नववीची सहल होती. कोल्हापूरहून आजऱ्याच्या पुढं, कॉफीच्या मळ्यातला गोऱ्या साहेबाचा बंगला बघायला. साहेब कधीच गेला होता. बंगला आता या बाईंचा. आम्ही जेवणाचं लांब टेबल बघितलं, भिंतीवरची शिंगं बघितली. मुली बाथटबमध्ये बसून हसल्या. मीही हसले, दारात उभी राहून. मला सगळं बघायचं होतं आणि कुणाला दिसायचं नव्हतं.

मग व्हरांड्यात बाईंनी ट्रंक उघडली. पाहुण्यांनी फोटोसाठी घालायचे जुने कपडे. आधी हॅट वाटल्या. लेसची छत्री, पांढरे हातमोजे. माझ्या बाकावरची मैत्रीण मडम झाली, आरामखुर्चीत बसली. ट्रंकेत हॅट अजून शिल्लक होत्या. मला दिसत होत्या.

मला खुर्चीच्या पायाशी बसवलं. टोपलीचा पट्टा कपाळावर. कुबट वास.

“मान खाली. मजूर कॅमेऱ्याकडं बघत नसत,” कॅमेरा रोखत बाई म्हणाल्या.

माझे वडील कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. शाळेत मी ‘टेक्स्टाइलमध्ये आहेत’ एवढंच सांगायचे. घरी आम्ही हाय-न्हाय बोलायचो. शाळेच्या फाटकाशी मी ते गिळून टाकायचे. वर्गात सगळ्यात स्वच्छ इंग्रजी माझं. वाटायचं, एवढं पुरेल. पट्टा कपाळाला रुतला तेव्हा कळलं. पुरत नाही.

बंगल्यात झाडलोट करणारी म्हातारी खांबाआड उभी होती. हळूच म्हणाली, “बस की गं बाय. फोटूच हाय न्हवं.”

मला तिचा राग आला नाही. तिची मान खाली होती. कॅमेरा तिच्यावर नव्हता, तरी.

मी पट्टा काढला. उठले.

“म्या न्हाय बसणार.”

तेच घरचं बोलणं. सगळ्या वर्गासमोर. कुणीतरी खुदकन हसलं.

“नाटकं नको करू गं,” मैत्रीण म्हणाली. “गंमत आहे.”

“मग तू घाल.”

ती हातमोजे सारखे करत बसली.

टीचर लालबुंद. “सॉरी म्हण मॅडमना. सॉरी म्हटल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही.”

सगळ्या चढल्या. मी खाली. खिडक्यांतून मुली माझं नाव घेऊन ओरडायला लागल्या, “म्हण ना! एक शब्द तर आहे!” आजवर वर्गात कुणी माझं नावही मोठ्यानं घेतलं नव्हतं. आता सगळी बस घेत होती.

शेवटी ड्रायव्हर उतरला. “बाई, घ्या की पोरीला वर. अंधार पडाय लागलाय. जंगलात सोडून जाताय व्हय?”

टीचर वर चढल्या. मी मागून. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

सोमवारी मैत्रिणीनं बाक बदलला. टीचरनी मला वर्गासमोर उभं केलं. “आता तरी म्हण.”

“ज्यांनी टोपली दिली, त्यांनी म्हणावं.”

तास संपेपर्यंत उभी होते. दुसऱ्या दिवशीही. ते सॉरी मी म्हटलं नाही. म्हणणार नाही. आणखी कितीही तास उभं करा.