फळीचा दांडा आणि माझे शहाण्णव किलो

आमच्या तलावात गाळ जास्त की आमच्या तिघांच्या नावावर जमलेले किस्से जास्त, हे सांगणं अवघड आहे. तिघं म्हणजे मी, पाटोद्याचा खत-बियाणंवाला. ट्रॅक्टर फिटर गणपत. आणि शाळेत विज्ञान शिकवणारे देशमुख सर. प्रत्येक किश्शात पाण्यात पडणारा मात्र मीच!

* * *

खूळ गोव्यात लागलं. तिथं एक जण हातात हवा भरलेलं शीड धरून पाण्याच्या हातभर वरून चालला होता, चक्क उडत! पायाखाली फळी, फळीखाली दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात पंख. मी येडा झालो. सगळा सेकंडहँड संच गाडीच्या टपावर बांधून घरी आणला.

बायको सुनंदा दारातच म्हणाली, "इस्त्रीची फळी येवढ्या लांबून कशापायी आणली?"

समजावून सांगितल्यावर तिनं अट घातली. "तलावाचं पाणी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली जायच्या आत एकदा वर उठून दाखवा. न्हाईतर फळी गच्चीवर! पापड वाळवायला लई ब्येस हाय."

* * *

नवं यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. गणपतनं हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ हाणला तो थेट फळीच्या नाकावर. नारळाला ओरखडा नाही, फळीला वाटीएवढा खळगा!

"आता कशी आपली वाटायली बे!" गणपत म्हणाला.

* * *

पहिल्या दिवशी वारा आला, फळी सुटली, नाक आभाळाकडं आणि मी उताणा. असं सात वेळा झालं.

तो दांडा फळीखालच्या खाचेत चार बोल्टांवर मागं-पुढं सरकतो. देशमुख सरांनी निदान केलं, "नाक उठतंय म्हणजे पुढचा भाग हलका आहे. दांडा चांगला जड आहे. घ्या त्याला पुढं!"

गणपतनं पान्यानं बोल्ट ढिले केले आणि दांडा चार बोटं पुढं घेतला. मी दुप्पट जोरात उताणा.

"अजून पुढं!" सर म्हणाले.

महिनाभर हेच. शेवटी दांडा खाचेच्या पुढच्या टोकाला टेकला.

"आता फक्त वजनाचा प्रश्न उरतो," सर म्हणाले.

"दांड्याच्या?"

"तुमच्या."

* * *

मग मी भजी सोडली. पंधरा दिवसांनी दुकानातल्या काट्यावर मोठ्या आशेनं उभा राहिलो. आमच्या हमालानं आकडा वाचला आणि म्हणाला, "शेठ, युरियाची पंचेचाळीसची दोन पोती, अन् वर सुटं सहा किलो!"

म्हणजे होते तेच शहाण्णव! त्याच संध्याकाळी मी भजी परत सुरू केली.

* * *

आणि तो रविवार आला. पाणी शेवटच्या पायरीला टेकलेलं. सुनंदा काठावर उभी, फळीवर किती पापड मावतील ते टेपनं मोजत! माझे वडील, आण्णा, बाभळीखाली तंबाखू मळत बसलेले. सत्तरी ओलांडलेली, उमर सगळी बैलगाडी हाकण्यात गेलेली.

मी दोनदा पडलो. तिसऱ्यांदा काठावर आलो तसे आण्णा म्हणाले, "तुझी गाडी उलाळ व्हायलीय. ओझं मागं पडलं की जू वर उठतंच."

"म्हणूनच तर आम्ही दांडा पुढं घेतला!" सर म्हणाले.

"सर, दांडा ओझं न्हाई. चाक हाय त्ये! ओझं ह्यो हाय." आण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "चाक पुढं सारलं तर ह्यो मागंच राहणार की!"

गणपतनं गपचूप पाना काढला आणि दांडा खाचेच्या मध्यापेक्षा जरासा मागं कसला.

वारा आला. फळी सुटली, नाक सरळ राहिलं. फळीखालचा खळखळाट एकदम थांबला. मी हवेत! "आई गं!" असं ओरडलो, कारण वळायचं कुणी शिकवलंच नव्हतं. सरळ समोरच्या काठाच्या चिखलात घुसलो.

तिथून फळी डोक्यावर घेऊन तलावाला वळसा मारून चालत आलो. सुनंदाचे डोळे भरून आले होते.

"उठलात की हो!" ती म्हणाली आणि टेप पर्समध्ये ठेवून दिला. मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो, तर आण्णा आधीच हजर. धोतर खोचलेलं, बंडीवर माझं लाइफ जॅकेट. माझ्या हातात पाना देत म्हणाले,

"चाक अजून दोन बोटं मागं घे. तुझ्यापरीस मी निम्मा हाय."